पंचा डोक्यावर

अगं, काल फोनवर तू थंडीचं विचारलंस, येनचा भाव विचारलास, चपला कुठल्या आणू ते विचारलंस, आणि जे खरं विचारायचं होतं ते गिळलंस. आवाजावरून कळलं मला. म्हणून तिथूनच सुरुवात करते. हो, ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या सामाईक कुंडात, सगळे कपडे काढावे लागतात. पोहायचा ड्रेस चालत नाही, छातीशी बांधलेला परकर चालत नाही, गाऊन तर नाहीच नाही. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, दाराला पडदा आणि आत बायकाच बायका. एवढं ऐकल्यावर तुमच्या सहाजणींतल्या निदान तिघी "तुम्ही जाऊन या गं, मी बसते खोलीत" म्हणतील. त्यांना आत्तापासून पटवत बसू नकोस. व्हॉट्सॲपवर तर हा विषय काढूच नकोस. ग्रुपवर एकदा "नाही" लिहिलं की मग ते मागे घ्यायला जड जातं. तिथे पोचल्यावर काय करायचं ते सांगते, पण आधी गाडीचं बोलू.

हाकोनेचं ठरत होतं ना तुमचं, फुजी दिसतो म्हणून? हाकोने छानच आहे. पण तुम्हाला कॉलेजात असताना जायचात तसं, गाडीत खात-गात, सगळ्याजणींनी मिळून जायचंय असं तूच म्हणालीस. मग किनुगावाला जा. तोक्योच्या असाकुसा स्टेशनातून तोबू रेल्वेची एक्सप्रेस साधारण दोन तासांत किनुगावा ओन्सेनला पोचवते. मात्र तिच्यात शेवटपर्यंत बसून राहू नका. अलीकडे शिमो-इमाइची नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरा. तिथून 'एसएल ताइजू' सुटते, वाफेच्या इंजिनाची गाडी. अंतर उणंपुरं १२.४ किलोमीटर आणि त्याला लागतात ३५ मिनिटांच्या आसपास, म्हणजे चाल काय असेल ते तूच समज. ती मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांना धावते, तेव्हा आधी तिचं वेळापत्रक बघ आणि मग बाकीचं ठरव. आसनं महिनाभर आधी खुली होतात. सहाजणींना एकत्र बसायचं असेल तर त्या दिवशी सकाळीच उरकून टाक.

या गाडीचं मला काय आवडतं सांगू? तोबूने आपली वाफेची इंजिनं १९६६ मध्ये मोडीत काढली होती. ५१ वर्षांनी, १० ऑगस्ट २०१७ला, त्यांनी पुन्हा सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे जुनं असं काहीच उरलं नव्हतं. मग इंजिन होक्काइदोहून उसनं आणलं, सी ११ जातीचं, २०७ नंबरचं, १९४१ सालचं. डबे शिकोकूहून घेतले. इंजिन वळवायची फिरती चकती एक यामागुचीतून आणली, दुसरी हिरोशिमातल्या मियोशीहून. पुढे एक ऐसपैस खुर्च्यांचा डबा जोडला, तो आओमोरी ते साप्पोरो धावणाऱ्या 'हामानासू' या रात्रीच्या गाडीचा. ती गाडी २०१६ मध्ये बंद झाली. म्हणजे सगळ्या देशातलं मोडकं-निवृत्त सामान गोळा करून या लोकांनी एक जुनी गाडी नव्याने उभी केलीय, आणि कुठून काय आणलं ते अभिमानाने सांगतात. २०७ नंबरला पुढे एकाऐवजी दोन दिवे आहेत, होक्काइदोच्या धुक्यात रूळ दिसावेत म्हणून लावलेले. त्यांना इथले लोक खेकड्याचे डोळे म्हणतात. तुमच्या वाट्याला नेमकं हेच इंजिन येईल असं नाही, आता सी ११ आणखीही आहेत त्यांच्याकडे. पण आलंच तर फोटो समोरून काढा.

वाटेत शेतात, अंगणात, फाटकाशी उभी असलेली माणसं हात हलवतात. तुम्हीही हलवा, लाजू नका. आणि शिट्टी झाली की तुमच्यातली कोणीतरी रडणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते. आपल्याकडे ब्रॉडगेजवरची कोळशाची इंजिनं नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत धावत होती, म्हणजे तुम्ही सगळ्यांनी ती पाहिलीत. डोळ्यात कण गेला की आई पदराचा बोळा करायची, त्यावर तोंडाची वाफ घ्यायची आणि डोळ्यावर दाबून धरायची, आठवतं? ती शिट्टी ऐकून डोळे भरायला जपानचा इतिहास माहीत असावा लागत नाही.

किनुगावा ओन्सेनला उतरल्यावर लगेच हॉटेलची बस गाठायची घाई करू नका. फिरती चकती स्टेशनासमोरच्या चौकातच आहे, इंजिन तिथे सगळ्यांच्या देखत वळवतात. बाजूलाच पाय बुडवून बसायचं गरम पाण्याचं छोटं कुंडही आहे. ज्या तिघी खोलीत बसणार आहेत त्यांना इथे बसव. पायाला पाणी लागलं की पुढचं निम्मं काम झालं.

मग नदीकाठी चालायला लागलात की काही मोठी मोठी हॉटेलं बंद दिसतील, काचा फुटलेल्या, वेली वरपर्यंत चढलेल्या. भूतबंगला म्हणून फोटो काढत सुटू नका, त्या गावाची ती दुखरी जागा आहे. साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांत जपानी कंपन्या वर्षातून एकदा सगळ्या नोकरदारांना घेऊन अशा गरम झऱ्यांच्या गावी यायच्या. आगगाडीत जागा राखीव, मग बसगाड्या, मग हॉटेल. त्या माणसांसाठी हॉटेलं वाढत गेली. आतच दारूचा बार, आतच गाण्याचं दालन, आतच भेटवस्तूंचं दुकान, म्हणजे पाहुण्याने पैसे टाकायला बाहेर पडायलाच नको. गावातल्या लहान दुकानदारांचं काय झालं असेल ते सांगायला नको. संध्याकाळी मोठ्या दालनात दोन्ही बाजूंनी मंगल कार्यालयासारखी पंगत, प्रत्येकापुढे आपापलं ताट, सगळ्यांच्या अंगात हॉटेलचा एकसारखा युकाता, म्हणजे सुती किमोनो, साहेबांचं भाषण आणि मग पिणं. वाढायला बायका, ओतायला बायका. नव्वदीत पैशांचा फुगा फुटला, कंपन्यांनी सहली बंद केल्या, आणि २००३च्या अखेरीस तिथल्या हॉटेलांना कर्ज देणारी आशिकागा बँक बुडून सरकारच्या ताब्यात गेली. एकामागून एक हॉटेलांना कुलपं लागली. जी टिकली त्यांनी माणसं बदलली, म्हणजे पाहुणे बदलले. घरचे लोक, जोडपी आणि चार-सहा मैत्रिणींचे गट.

हे मैत्रिणींचं प्रकरण मात्र त्याच्या बरंच आधी सुरू झालेलं. १९७० मध्ये ओसाकाचं जागतिक प्रदर्शन संपल्यावर रेल्वेला रिकाम्या गाड्यांची काळजी पडली. तेव्हा तिथल्या सरकारी रेल्वेने 'डिस्कव्हर जपान' नावाची मोठी जाहिरातमोहीम काढली आणि फलकांवर घातल्या एकट्यादुकट्या फिरणाऱ्या तरुण मुली. 'आनान' आणि 'नोन्नो' ही मासिकं हातात घेऊन पोरी खरंच निघाल्या. त्या पोरी मोठ्या झाल्या, संसारात पडल्या, आणि १९८३ मध्ये रेल्वेने तिशी ओलांडलेल्या बायकांच्या गटासाठी खास पास काढला, 'नाइस मिदी' नावाचा. नवरा बरोबर नको, मुलं नकोत, फक्त मैत्रिणी! त्याच्या दोनच वर्षं आधी जोडप्यांसाठी 'फुल मून' पास निघाला होता. नवराबायकोच्या वयांची बेरीज ८८ भरली की तो मिळायचा, आणि जाहिरातीत उएहारा केन आणि ताकामिने मिएको हे दोन उतारवयातले नट-नटी गरम कुंडात शेजारी-शेजारी बसलेले. पण माझं मत विचारशील तर मैत्रिणींचा पास काढणाऱ्याला जास्त अक्कल होती. तो पास आता बंद झालाय. तुमच्या घरी "बायका-बायका इतक्या लांब कशाला?" असं कोणी म्हणालं तर ही गोष्ट सांग त्यांना.

आता आंघोळ. मी तुला एक सल्ला देते, तो तुला उलटा वाटेल. पहिल्या वेळी सहाजणी मिळून जाऊ नका. लाज अनोळखी बायकांची नसते गं, ओळखीच्यांची असते. तीस वर्षांपासूनची मैत्रीण समोर असली की पोट आत ओढलं जातं. परक्या जपानी आजीसमोर ओढलं जात नाही, ती तर आपल्या पाठीला साबण लावण्यात गुंग असते. म्हणून पोचल्यावर जिला वाटेल तिने एकटीने, वेगवेगळ्या वेळी जाऊन यायचं. जेवणाआधी एक, झोपायच्या आधी एक, पहाटे एक. कोण गेली, कोण नाही, याची चौकशी करायची नाही. रात्रीपर्यंत चौघी आपणहून सांगतील. मग दुसऱ्या दिवशी वाटलं तर सगळ्या मिळून. आणि तरीही जिला नकोच असेल तिच्यासाठी बऱ्याच हॉटेलांत तासाभराच्या बोलीने एकटीपुरतं कुंड मिळतं, आतून कडी लावून. पैसे वेगळे पडतात, पण त्यात कमीपणा काही नाही.

रीत अवघड नाही. पडद्याचा रंग आणि पाटी बघून आत शीर. लाल-तांबडा बहुधा बायकांचा असतो, पण बऱ्याच हॉटेलांत रात्री आणि सकाळी दालनांची अदलाबदल होते, तेव्हा काल गेलो तोच दरवाजा म्हणून झोपेत घुसू नका. ही अदलाबदल का करतात माहितीये? जुन्या हॉटेलांत पुरुषांचं कुंड ऐसपैस आणि बायकांचं कोपऱ्यात कोंबलेलं असायचं, कारण पाहुणे सगळे पुरुषच. आता पाळी-पाळीने दोघांनाही मोठं कुंड मिळतं. कपडे टोपलीत ठेवायचे. फोन आत न्यायचाच नाही, तो खोलीत ठेवलात तर उत्तम. छोटा पंचा तेवढा हातात. आत भिंतीशी नळ आणि बुटके पाट असतात, त्यावर बसून आधी साबणाने स्वच्छ आंघोळ करायची. उभ्याने पाणी उडवायचं नाही. केस वर बांधायचे, आणि त्या दिवशी डोक्याला खोबरेल तेल चोपडून जाऊ नका. टिकली खोलीतच काढा, न्हाणीच्या आरशावर चिकटवून येऊ नका. तुला माहीतच आहे आपल्या बायकांची सवय. मग कुंडातलं पाणी तांब्या-दोन तांबे पायांवर, अंगावर घ्यायचं आणि हळूहळू उतरायचं. पंचा पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. जपानी आज्या तसाच ठेवून बसतात.

आणि उतरलीस की जरा बघ. टक लावून नको, सहज नजर जाईल तेवढंच. ऐंशीच्या बाया असतात, कंबरेत वाकलेल्या. टाके पडलेली पोटं असतात, एका बाजूला उतरलेले खांदे, सुरकुतलेल्या मांड्या, दंडावर लोंबणारी कातडी. सगळ्या निवांत. आपल्याला आपल्या वयाच्या बाईचं अंग कधी बघायलाच मिळत नाही. बघतो त्या जाहिरातीतल्या पंचविशीच्या पोरी, आणि मग आपलं तेवढंच बिघडलं असं वाटत राहतं. वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडांवर बायका लुगड्या-साड्यांसकट उतरतात, आणि बाहेर आल्यावर ते ओलं पातळ आडोशाला उभं राहून बदलण्याची कसरत. तिथे अंग झाकण्यातच सगळी आंघोळ संपते. इथे तसली कटकट नाही.

किनुगावाचं पाणी सौम्य अल्कधर्मी आहे, गंधकाचा वास नाही. त्यामुळे चांदी काळी पडायची फारशी भीती नाही. पुढे कधी कुसात्सुला किंवा हाकोनेच्या गंधकाच्या पाण्यात गेलात तर जोडवी आणि पैंजण आधी उतरवा, नाहीतर काळेठिक्कर होतील. मंगळसूत्र काढायचं की नाही यावर मी काही बोलणार नाही, ज्याचं त्याने ठरवावं. पाणी ४० अंशांच्या वर असतं. दहा मिनिटं पुष्कळ झाली, मग बाहेर येऊन कडेला बसायचं. तुझी बीपीची गोळी चालू आहे, तेव्हा पट्‌कन उठून उभी राहू नकोस, चक्कर येते. जेवणात साके घेतली असेल तर त्या रात्री कुंड नाही, यावर मी अडून बसेन. पाळी असेल तर सगळ्यांच्या कुंडात उतरायचं नाही असा रिवाज आहे. त्यात विटाळबिटाळ काही नाही, पाणी सामाईक म्हणून. पन्नाशीला ती न सांगता येते, तेव्हा पिशवीत सोय असू दे. आणि तुमच्यातल्या जिच्या हातावर गोंदण आहे तिचं हॉटेलला आधी विचारून ठेव. इथे गोंदणाचा संबंध गुंडांच्या टोळ्यांशी जोडतात. २०१५ मध्ये पर्यटन खात्याने विचारणा केली तेव्हा निम्म्याहून जास्त ठिकाणी गोंदलेल्यांना मनाई होती. पुढच्या वर्षी खात्यानेच परदेशी पाहुण्यांना सांभाळून घ्या म्हणून सांगितलं. कपाळावरच्या किंवा मनगटावरच्या चार हिरव्या ठिपक्यांना सहसा कोणी काही म्हणत नाही, मोठं असेल तर त्यावर लावायची पट्टी मिळते.

खाण्याचं मात्र डोकेदुखीचं आहे. तुमच्यातल्या दोघी शाकाहारी, आणि इथे भाजीच्या रश्शातसुद्धा सुक्या माशाचं पाणी असतं. किनुगावाच्या आसपासच्या निक्को परिसराची युबा प्रसिद्ध आहे, सोयाबीनच्या दुधावर धरणारी साय. दिसायला शाकाहारी, पण बहुतेकदा त्याच माशाच्या पाण्यात शिजवलेली. "व्हेजिटेरियन" एवढं म्हणून भागत नाही. मांस नको, मासा नको, माशाचं पाणीसुद्धा नको, असं जपानीत लिहून बुकिंगच्या वेळीच पाठवायचं, मी लिहून देते. नाहीतर सरळ बुफे असलेलं हॉटेल घ्या, आता किनुगावात पुष्कळ झालीत. पारंपरिक थाटामाटाचं जेवण हुकेल, हुकू दे. गाडीतला डबाही बहुतेक मांस-माशाचाच. गंमत म्हणजे स्टेशनवर विकायचा जपानमधला पहिला डबा किनुगावाच्याच तोचिगी प्रांतातल्या उत्सुनोमियात १८८५ साली निघाला असं सांगतात, आणि त्यात होते भाताचे दोन गोळे, आत उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ, शेजारी मुळ्याचं लोणचं. म्हणजे तेव्हा आपलं भागलं असतं! तुम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कोरडी चटणी आणाच. गाडीत खाल्लेलं चालतं, कचरा मात्र पिशवीत घालून बरोबर न्यायचा.

आता थोडं तुझ्याबद्दल, राग मानू नकोस. तू आत्तापासून एक्सेल करायला घेतलंस. कोणाची गोळी कितीला, कोणाला कुठली उशी, चहा किती वाजता. तू या सहलीची आई होऊ नकोस. तिथे तुम्ही जेवून येईपर्यंत कोणीतरी येऊन गाद्या घालून ठेवतं. सकाळी न्याहारी मांडलेली असते. आपल्या आयुष्यात आपण घातलेल्या गाद्यांची मोजदाद नाही, आपल्यासाठी कोणी घातल्या होत्या सांग बरं? तेव्हा नाकाई-सान, म्हणजे खोलीची सरबराई करणारी बाई, ताट उचलायला आली की उठून तिला मदत करायला धावू नकोस, तिची अडचण होते. "आरिगातो" म्हण आणि बसून राहा. बक्षिसी द्यायची पद्धत नाही. बिलात दरडोई दीडशे येनच्या आसपास आंघोळीचा कर दिसेल, तो कशाचा म्हणून हुज्जत घालू नका. घोरणारी एक आहेच तुमच्यात, म्हणून खोल्या दोन घ्या. एकीत घोरणारी आणि गाढ झोपणाऱ्या, दुसरीत बाकीच्या. पैशांची जबाबदारी दुसऱ्या कोणाला तरी दे, जिला हिशेब आवडतो तिला.

राहिली ती सहावी. गुडघे दुखतात म्हणून येत नाही म्हणते ना? तुला नि मला दोघींनाही माहीत आहे गुडघ्यांचं काही नाही. ऑपरेशन झाल्यापासून ती साडीच्या दुकानातसुद्धा आरशाकडे पाठ करून उभी राहते, तूच सांगितलंस. तिला हे सांग. जपानात स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी कुंडात घालायचा खास कपडा मिळतो, न्युयोकुगी म्हणतात. छातीपुरता असतो, पाणी धरून ठेवत नाही. उतरायच्या आधी त्यावरचा साबण नीट धुतला की स्वच्छतेला काही बाधा येत नाही, हे आरोग्य खात्यानेही सांगितलंय, आणि पुष्कळ कुंडांच्या दाराशी तशी पत्रकं लावलेली असतात, कोणी वळून बघू नये म्हणून. २०१२पासून 'पिंक रिबन' नावाने हॉटेलांचं एक जाळंही आहे, अशा पाहुण्या बायकांनी मोकळेपणी यावं म्हणून काम करणारं. आडोसा असलेले नळ, लहान कुंडं, असल्या सोयी ते बघतात. किनुगावात कुठलं हॉटेल सोयीचं पडेल ते मी इथून फोन करून विचारते, कपडाही इथेच घेऊन ठेवते, तिचं माप तेवढं कळव. तिने कपडा घालावा, न घालावा, एकटीचं कुंड घ्यावं, नुसते पाय बुडवून बसावं, ती बघेल. पण गाडीत तिची जागा धरायचीच. तिकीट काढायच्या आधी तिला तू एकटीने फोन कर, ग्रुपवर नको, आणि "ताई म्हणाली" असं सांग. माझ्यावर ढकल सगळं, मला चालेल.